जाडी रंधायंत्र, घरगुती

लाकडी फळीच्या एका सपाट पृष्ठाला समांतर असे दुसरे पृष्ठ तासून संपूर्ण फळी ठराविक जाडीची करणाऱ्या यंत्राला जाडी रंधायंत्र म्हणतात. सुतारांच्या बोलीत त्याला ‘थिकनेस मशीन’ असे नाव आहे. कारखान्यांत व लाकडाच्या वखारींत वापरली जाणारी अशी यंत्रे ओतीव लोखंडाची, जमिनीवर पक्की बसविलेली व कित्येक शे किग्रॅ. वजनाची असतात. त्याच तत्त्वावर चालणारे, पण सु. २५ ते ४५ किग्रॅ. वजनाचे, मेजावर ठेवून वापरता येणारे व काम झाल्यावर उचलून बाजूला ठेवता येणारे लहान यंत्र घरगुती कार्यशाळेसाठी तयार करण्यात येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या लहान यंत्राची रचना व ते निवडताना लक्षात घ्यावयाच्या बाबी यांची माहिती दिली आहे.

हे यंत्र विजेच्या हातरंध्याहून वेगळे आहे. हातरंधा फळीवरून फिरवितात व त्याची पाती बहुधा ८२ मिमी. रुंद असतात. त्याने लाकूड झपाट्याने निघते. परंतु फळीची जाडी सर्वत्र सारखी राहील याची हमी तो देत नाही. जाडी रंधायंत्रात यंत्र स्थिर असते व फळी त्यातून सरकते. दुकानात दोन्हींना ‘प्लेनर’ म्हणत असल्याने नवख्या ग्राहकाचा पुष्कळदा गोंधळ होतो.

इतिहास : फिरत्या पात्यांनी लाकूड रंधण्याची कल्पना इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथॅम यांनी १७९१ व १७९३ मध्ये घेतलेल्या एकस्वांत (पेटंटांत) आढळते. जोसेफ ब्रामा यांनी १८०२ मध्ये रंधायंत्राचे एकस्व घेतले. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांना १८२८ मध्ये मिळालेल्या एकस्वात फिरती पाती व फळी दाबून पुढे सरकविणारे रूळ यांची सांगड होती आणि आजच्या सर्व जाडी रंधायंत्रांत हीच सांगड आहे. या एकस्वाची मुदत दोनदा वाढविण्यात आल्याने ते १८५६ पर्यंत चालू राहिले. तोपर्यंत रंधलेल्या फळ्यांच्या धंद्यावर एकस्वधारकांची मक्तेदारी होती आणि तिच्याविरुद्ध अनेक खटले झाले. मेजावर ठेवण्याजोगे हलके यंत्र मात्र बरेच उशिरा, १९८० च्या दशकात प्रचारात आले. र्‍योबी या जपानी कंपनीचे १० इंच (२५४ मिमी.) रुंदीचे यंत्र या वर्गातील आरंभीच्या यंत्रांपैकी होय. मूठ असलेल्या पेटीसारख्या आकारामुळे अमेरिकेत अशा यंत्राला ‘लंचबॉक्स’, म्हणजे जेवणाचा डबा, असे गमतीचे नाव पडले.

रचना व कार्य : यंत्राच्या तळाशी गुळगुळीत धातूचे मेज असते व त्याच्या दोन्ही बाजूंस फळीला आधार देणारे घडीचे पंखे असतात. मेजाच्या वर चार खांबांवर खाली-वर होणारा माथा असतो. माथ्यात आडवा दंडगोल असून त्यावर दोन किंवा तीन पाती बसविलेली असतात. दंडगोलाच्या पुढे व मागे एकेक रबरी आवरणाचा रूळ असतो. पुढचा रूळ फळी आत ओढतो व मागचा बाहेर काढतो. हातचक्राने माथा वर-खाली करून जाडी ठरवितात. इंच-मापाच्या यंत्रांत चक्राच्या एका फेऱ्यात माथा बहुधा १/१६ इंच (सु. १.६ मिमी.) सरकतो. फळी उलट दिशेने फेकली जाऊ नये म्हणून पुढच्या रुळाजवळ दातेरी अटकाव बसवितात.

एका फेरीत किती लाकूड काढावे हे फळीची रुंदी व लाकडाचा कठीणपणा यांवर अवलंबून असते. माहितीपत्रकात ३ मिमी.पर्यंतचा आकडा दिलेला असला, तरी तो अरुंद व मऊ लाकडासाठी असतो. पूर्ण रुंदीच्या सागवानी फळीवर अर्धा ते एक मिमी. एवढाच काप घेणे योग्य ठरते.

समांतरता व सपाटी : हे यंत्र फळी सपाट करीत नाही, समांतर करते. विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना ही गोष्ट पैसे खर्च झाल्यावर कळते. फळीचे खालचे पृष्ठ मेजावर टेकलेले असते आणि पाती त्या पृष्ठापासून ठराविक अंतरावर वरचे पृष्ठ कापतात. म्हणजे खालच्या पृष्ठाचा जो आकार, तोच वर उमटतो. कमानीसारखी वाकलेली फळी रुळांच्या दाबाने मेजावर तात्पुरती सपाट होते, त्या अवस्थेत कापली जाते आणि बाहेर येताच पुन्हा वाकते. परिणामी दोन्ही पृष्ठे गुळगुळीत व जाडी सर्वत्र सारखी, पण फळी वाकडी ती वाकडीच राहते. पीळ पडलेल्या फळीचेही असेच होते. अशा फळ्यांपासून केलेले दार चौकटीत नीट बसत नाही व मेजाचा एक पाय अधांतरी राहतो.

म्हणून पहिले पृष्ठ आधी सपाट करावे लागते. कारखान्यात हे काम समतल रंधायंत्रावर (जॉइंटरवर) करतात. त्यात दोन लांब मेजांच्या मध्ये पाती असतात व फळी त्यांवरून हाताने सरकवितात. घरगुती कार्यशाळेसाठी दोन्ही यंत्रे घ्यावी लागली, तर खर्च वाढतो. शिवाय स्वस्त समतल यंत्रांची रुंदी बहुधा १५ ते २० सेंमी. इतकीच असते, त्यामुळे ३० सेंमी. रुंदीच्या जाडी यंत्राचा निम्मा उपयोग वाया जातो. यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय हातरंध्याचा. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून त्यांच्या कडा एका रेषेत दिसतात का ते पाहावे; पीळ असल्यास त्या तिरप्या दिसतात. मग उंचवटे लांब रंध्याने काढावे. हे पृष्ठ गुळगुळीत होण्याची गरज नसते. फळी न डुगडुगता मेजावर बसली म्हणजे पुरे. दुसरा उपाय पाटाचा. प्लायवुडच्या सरळ व जाड पाटावर वाकडी फळी ठेवून तिच्याखालील पोकळीत पाचरी घालतात व त्या गरम गोंदाने चिकटवितात. पाटासह फळी यंत्रातून काढली म्हणजे तिचे वरचे पृष्ठ पाटाला समांतर, अर्थात सपाट, होते. नंतर फळी सोडवून, उलटी करून पाटाशिवाय घालतात. पाट सरकू नये म्हणून त्याच्या मागच्या टोकाला लहान आडवी पट्टी ठोकतात. तिचे खिळे पात्यांच्या उंचीपर्यंत पोहोचणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

थोडक्या पैशांत काम भागवावयाचे असेल, तर जाडी यंत्र हे आधी घेण्याचे यंत्र होय. समतल यंत्राचे काम हातरंध्याने वा पाटाने होऊ शकते, पण वीस फळ्या हाताने एकाच जाडीच्या करणे हे कुशल सुतारालाही जिकिरीचे असते.

पाती : रंधलेल्या पृष्ठाचा गुळगुळीतपणा दर मिमी. लांबीत किती काप बसतात यावर अवलंबून असतो. ही संख्या काढणे सोपे आहे : दर मिनिटास होणारे फेरे व पात्यांची संख्या यांच्या गुणाकारास फळीच्या वेगाने भागावे. उदा., मकिता कंपनीच्या २०१२एनबी या ३०४ मिमी. रुंदीच्या यंत्रात दोन पाती, मिनिटाला ८,५०० फेरे व फळीचा वेग मिनिटाला ८.५ मी. आहे, म्हणजे दर मिमी.ला दोन काप पडतात. डीवॉल्ट कंपनीच्या डीडब्ल्यू७३४ या यंत्रात तीन पाती, १०,००० फेरे व सु. ७.९ मी. वेग असल्याने हीच संख्या ३.८ येते. त्याच कंपनीच्या डीडब्ल्यू७३५ या ३३० मिमी. रुंदीच्या यंत्रात दुसरा मंद वेगही असून त्या वेगाने ती सु. ७ होते. मात्र हे गणित सर्व पाती अगदी सारख्या उंचीवर असतील तेव्हाच खरे. एक पाते केसभर जरी वर राहिले, तरी पृष्ठावर त्याचीच खूण उमटते आणि उरलेली पाती नुसती साहाय्यक ठरतात. पाती बसविण्याची सोय नीट नसलेल्या तीन पात्यांच्या यंत्रापेक्षा ती नीट बसणारे दोन पात्यांचे यंत्र त्यामुळे चांगले काम देते.

पाती मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात पात्याला दोन्ही कडांना धार असते व ते ठराविक खुंट्यांवर बसते. एक कड बोथट झाली की पाते उलटे करावयाचे व दुसरीही झाली की टाकून द्यावयाचे. बसविणे सुलभ, पण दर वेळी नवा खर्च. दुसऱ्या प्रकारातील जाड पाती पुन:पुन्हा धार लावून वापरता येतात. त्यांची उंची मोजपट्टीने जुळवावी लागते व त्यात पहिल्या काही वेळा अर्धा दिवस सहज जातो. तिसऱ्या प्रकारात दंडगोलावर सर्पिल ओळींत कार्बाइडचे लहान चौकोनी तुकडे स्क्रूने बसविलेले असतात. तुकड्याच्या चारही कडांना धार असते, त्यामुळे खाच पडलेला तुकडा तेवढाच फिरविता येतो. असे यंत्र कमी आवाज करते व गाठींभोवतीचे लाकूड फारसे उपटत नाही. स्वस्त यंत्रांतही हा दंडगोल हल्ली देतात. परंतु मोटर तेवढीच असल्याने कापाची खोली कमी ठेवावी लागते.

सागवान वापरणाऱ्यांनी पात्यांच्या किंमतीकडे विशेष लक्ष द्यावे. सागवानात सिलिका असते आणि तिच्यामुळे पोलादी पात्यांची धार लवकर जाते. महाराष्ट्रात जुन्या वाड्यांचे व चाळींचे उतरविलेले सागवान विकत मिळते. ते मुरलेले असल्याने उत्तम असते, पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. एका खिळ्याने तिन्ही पात्यांना खाच पडते आणि त्यापुढे प्रत्येक फळीवर बारीक उभी रेघ उमटत राहते. असे लाकूड लोहचुंबकाने किंवा धातुशोधकाने तपासल्याखेरीज यंत्रात घालू नये. यंत्राची किंमत कमी, पण त्याच्या पात्यांचा जोड स्थानिक बाजारात मिळत नाही, असे पुष्कळदा आढळते. खरेदीपूर्वी पात्यांचे दोन संच कोठे व किती किंमतीस मिळतील याची चौकशी करणे इष्ट असते.

मोटर व वीजपुरवठा : या वर्गातील बहुतेक यंत्रांत कार्बनी ब्रश असलेली सार्विक (युनिव्हर्सल) मोटर असते. ती हलकी व वेगवान असते, म्हणूनच यंत्र उचलण्याजोगे होते. पण ती फार आवाज करते, लवकर तापते व तिचे ब्रश झिजतात. कारखान्यातील यंत्राची प्रवर्तन मोटर दिवसभर चालते, तशी अपेक्षा हिच्याकडून करू नये. जाहिरातीतील अश्वशक्तीचा आकडा फारसा विश्वसनीय नसतो. अमेरिकेतील १२० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर १५ अँपिअर घेणारे यंत्र जास्तीत जास्त १,८०० वॉट शक्ती घेते. मोटरीत काहीच शक्ती वाया गेली नाही असे मानले, तरी ती २.४ अश्वशक्ती होते. तेव्हा अशा यंत्रावर ‘३ अश्वशक्ती’ असे लिहिलेले असल्यास तो क्षणिक कमाल आकडा समजावा. तुलना वॉट वा अँपिअर यांवरूनच करावी.

भारतात वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. १,६५० वॉटचे यंत्र त्यावर ७ अँपिअरांहून अधिक प्रवाह घेते. त्यामुळे ते पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या खटक्यावर न चालविता १६ अँपिअरच्या, भूयोजन (अर्थिंग) केलेल्या जोडणीवरच चालवावे लागते. बारीक तारेची लांब जोडदोरी वापरल्यास दाब घटतो व मोटर तापते. अमेरिकेहून परतताना आणलेली किंवा नातलगांनी पाठविलेली यंत्रे १२० व्होल्टची असतात. ती सरळ २३० व्होल्टवर जोडल्यास मोटर काही क्षणांत जळते, आणि योग्य क्षमतेचा रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) घेतल्यास त्याची किंमत व वजन यांमुळे स्वस्ताईचा बराच भाग संपतो.

टोकखाच : फळीचे पुढचे टोक पात्यांखाली येते तेव्हा ती एकाच रुळाखाली असते, मागचे टोक बाहेर पडतानाही तसेच घडते. त्या वेळी फळी किंचित उचलली जाते व टोकापासून सु. ५ ते १० सेंमी. भाग अधिक खोल कापला जातो. या दोषाला इंग्रजीत ‘स्नाइप’ म्हणतात. हलक्या माथ्याच्या स्वस्त यंत्रांत तो थोडाफार असतोच. चार खांबांवर माथा घट्ट जखडण्याची सोय असल्यास तो कमी होतो. घडीच्या पंख्यांची बाहेरची टोके मेजाहून किंचित उंच ठेवणे, लांब फळीला हाताने आधार देणे व फळ्या एकीला एक लावून सलग घालणे हे उपाय गुणकारी आहेत. तरीही फळी गरजेपेक्षा २० सेंमी. लांब ठेवून नंतर टोके कापून टाकणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. महागडे लाकूड आणताना हा अपव्यय हिशेबात धरावा लागतो. दुकानात यंत्र पाहताना माथा दोन्ही हातांनी हलवून पाहावा. तो डुलत असेल, तर इतर कोणताही गुण ही उणीव भरून काढत नाही. चाचणीची फळी काढता आल्यास तिच्या डाव्या व उजव्या कडांची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. ती सारखी नसल्यास माथा मेजाला समांतर नाही असे समजावे.

रुंदीबाबत फारसा विचार करण्याचे कारण नाही. या वर्गात ३०५ ते ३३० मिमी. रुंदी सर्रास मिळते व तिच्याहून रुंद अखंड फळ्या घरगुती कामात क्वचितच येतात.

धूळ, आवाज व सुरक्षितता : ३० सेंमी. रुंद व २ मी. लांब फळीवरून एक मिमी. थर काढला, तर ६०० घ.सेंमी. लाकूड निघते आणि सैल ढलप्यांच्या रूपात ते कित्येक पट जागा व्यापते. एका कपाटाच्या फळ्या रंधताना पोती भरतात. साध्या घरगुती व्हॅक्यूम यंत्राची नळी अशा वेळी तुंबते, सु. १०० मिमी. व्यासाची नळी असलेला भुसासंग्राहक लागतो. त्याची किंमत यंत्राच्या किंमतीत आरंभीच मिळवावी. काही यंत्रांत ढलप्या जोराने बाहेर फेकणारा पंखा आतच असतो. तो असल्यास साध्या पिशवीनेही काम भागते, पण बारीक धूळ उडतेच. लाकडाची धूळ ही माणसात कर्करोग उत्पन्न करणारी आहे, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये केले. सागवान व शिसव यांच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज व पुरळ येते. यासाठी योग्य मुखपट्टी वापरावी.

अशा यंत्रांचा आवाज बहुधा ९० डेसिबलांहून अधिक असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने आठ तासांसाठी ८५ डेसिबलांची मर्यादा शिफारस केली असून प्रत्येक ३ डेसिबलांच्या वाढीला हा काळ निम्मा होतो. ९७ डेसिबलांत तो अर्ध्या तासावर येतो. कर्णरक्षक घातल्यावाचून हे यंत्र चालवू नये. सदनिकेच्या बाल्कनीत ते वापरण्याचा विचार करणाऱ्यांनी शेजाऱ्यांचाही विचार केलेला बरा.

दोन रुळांमधील अंतराहून आखूड तुकडा यंत्रात कधीही घालू नये. एका रुळाने सोडलेला व दुसऱ्याने न पकडलेला तुकडा पात्यांत अडकून फेकला जातो. उत्पादक किमान लांबी देतात. ती बहुधा ३० ते ३५ सेंमी.च्या आसपास असते. सैल बाह्या, ओढणी, बांगड्या व हातमोजे टाळावे, फळीच्या सरळ रेषेत उभे राहू नये व अडकलेली ढलपी काढण्यापूर्वी वीज तोडावी. सैल गाठी असलेली, तडकलेली किंवा रंग दिलेली फळी यंत्रात घालू नये. प्लायवुड व भुशाचे तक्ते यांतील चिकटद्रव्याने पाती लगेच बोथट होतात.

खरेदीचा निर्णय : वर्षातून एखादे कपाट किंवा मेज करणाऱ्याला हे यंत्र परवडत असले, तरी गरजेचे असतेच असे नाही. लहानमोठ्या गावांतील वखारींत व सुतारखान्यांत मजुरी घेऊन फळ्या रंधून देतात. तेथील यंत्र जड असल्याने काम पुष्कळदा घरच्यापेक्षा सरस होते. मात्र तेथेही पहिले पृष्ठ सपाट करून मागावे लागते, नाही तर वाकडी फळी पातळ होऊन परत येते. नियमित काम करणाऱ्याला, वेगवेगळ्या जाडीच्या फळ्या लागणाऱ्याला व जुने लाकूड वापरणाऱ्याला स्वतःचे यंत्र लाभदायक ठरते.

अमेरिकी बाजारात २०२० नंतरच्या काळात दोन पात्यांची साधी यंत्रे तीन पात्यांच्या नामांकित यंत्रांच्या सु. निम्म्या किंमतीत मिळत होती. त्यांतून मिळणारा पृष्ठभाग थोडा अधिक खरखरीत असतो, पण सागवानी वस्तूला शेवटी हातरंध्याचा वा काचकागदाचा हात फिरवावाच लागत असल्याने हा फरक दिसतो तेवढा मोठा नाही. वाचलेल्या पैशांत पात्यांचा जादा संच, भुसासंग्राहक व एक चांगला लांब हातरंधा घेता येतो. ज्याला वर्षभर कठीण लाकडाचे रुंद तक्ते रंधावयाचे आहेत, त्याने मात्र जखडता येणारा माथा व दोन वेग यांसाठी अधिक पैसे मोजणे योग्य होय.

जुने यंत्र घेताना ते चालू करून मोटरीच्या झरोक्यातून मोठ्या ठिणग्या उडतात का हे पाहावे. ब्रश बदलून दोष गेला नाही, तर मोटर खराब झालेली असते. रबरी रूळ घासून गुळगुळीत झाले असल्यास फळी मधेच थांबते व त्या जागी खाच पडते. राळेने चिकट झालेले रूळ स्पिरिटने पुसून पुन्हा पकड घेतात. कडक होऊन तडकलेले रूळ बदलावेच लागतात. मेजावर अधूनमधून मेण घासल्यास फळी सुलभ सरकते. कोकणात व समुद्रकाठी पावसाळ्यात खांब व साखळी यांवर गंज चढतो, तेव्हा तेलाचा पातळ हात व कोरडे झाकण आवश्यक असते. त्या दिवसांत लाकूडही दमट हवेने फुगलेले असते. पावसाळ्यात नेमक्या मापाला रंधलेली फळी हिवाळ्यात आक्रसते, म्हणून शेवटचा एक मिमी. फळ्या काही दिवस काम होणाऱ्या खोलीत रचून ठेवल्यानंतर काढतात आणि तो दोन्ही पृष्ठांवरून सारखा काढतात. एकाच बाजूने लाकूड काढल्यास फळी पुन्हा वाकण्याचा संभव असतो.